वाकडी कॉइल

आई सोलापुरात विड्या वळायची. वाकडी विडी मुकादम तिच्यादेखत मोडून टाकायचा आणि मजुरी बुडायची. त्याच विड्यांवर मी शिकले.

अमेरिकेत ॲन आर्बरला एमएस करताना रोज बसमध्ये एक पुण्याचा तरुण शेजारी बसायचा. व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, तापणाऱ्या तारेची कॉइल स्वतः बनवायला नुकताच शिकत होता. जीभ दातांत धरून तो स्क्रूड्रायव्हरवर बारीक तार गुंडाळायचा. वेटोळं वाकडं झालं की हसत टाकून द्यायचा.

"विकत मिळत नाही का रे?"

"मिळते ना! पण हातानं वळण्यात मजा आहे यार. वाकडी झाली तर दुसरी."

"माझी आई हातानं विड्या वळते."

"वॉव, सो कूल!"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आईला ही मजा कुणी सांगितलीच नव्हती.

मे महिन्यात माझं एमएस झालं, जूनमध्ये नोकरी लागली. आईनं विड्यांचं सूप माळ्यावर टाकलं.