वामनकाकांचे कान

वामनकाका पंखा दातांनी ऐकत. लांब पेचकसाची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची, लाकडी मूठ दातांत धरायची, टोक चालत्या मोटारीवर टेकवायचं आणि डोळे मिटायचे. मिनिटभराने मूठ तोंडातून काढून निकाल सांगायचा, "बेअरिंग सुकलंय," किंवा "ही नाही वाचणार, वहिनी, दुसरी घ्या." बत्तीस वर्षं रेल्वेच्या डब्यांतले पंखे दुरुस्त करता करता त्यांचा उजवा कान पूर्ण गेला होता, डाव्यात थोडंसं उरलं होतं. कानाचं यंत्र त्यांनी दोन दिवस लावून डब्यात ठेवून दिलं होतं. "त्यात सगळी गल्ली एकदम बोलते. कान रेल्वेला दिले, पेन्शन घेतली, हिसाब बराबर."

दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरात मधे चौक आहे. एका अंगाला घरमालक गुरुजी, त्यांच्या भिंतीला लागून आम्ही भाडेकरू, आणि चौकापलीकडच्या खोलीत एकटे वामनकाका. मी त्यांना लहानपणापासून बघत होते, पण आमचं बोलणं जवळजवळ नव्हतं. माझा आवाज मुळात लहान. शाळेतल्या मॅडम "लाउडर" म्हणायच्या, आई म्हणायची "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस". इंग्रजी शाळेमुळे मराठी अर्धवट, त्याचीही लाज. ज्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं, त्यांच्यापासून मी लांबच राहत असे.

माझं सगळं चालायचं ते मागच्या खोलीत. तिथे माझी अडीच फुटी टाकी होती आणि तिच्यात सहा एंजल मासे, नखाएवढे होते तेव्हापासून वाढवलेले. त्या खोलीत मला कोणी बोलायला सांगत नसे. खिडकी नव्हती, वर गल्लीकडे एक रोशनदान, म्हणजे झरोका, होतं, तेही कबुतरांमुळे पुठ्ठ्याने बंद केलेलं. पावसाळा आला की खोली न्हाणीघरासारखी होई. भिंत ओली दिसायची, मी पुसून टाकायची. कोणाला सांगितलं नाही.

त्याच भिंतीच्या पलीकडे गुरुजींचं पोथ्यांचं कपाट होतं. श्रावणात एका सकाळी ते दारात येऊन उभे राहिले. हातात पोथी, तिच्या कडेला पांढरी बुरशी. रागावले नाहीत. "रेवा, आजोबांच्या हातची आहे ही. मासे कोणाला द्यायचे असतील तर चतुर्थीपर्यंत बघून ठेव." मी मान हलवली. बाबा लगेच "हो, हो, गुरुजी" म्हणाले. मी आत जाऊन टाकीसमोर बसले.

आईने ही हकिकत चौकात उभं राहून वामनकाकांच्या डाव्या कानात घातली, म्हणजे साऱ्या घराला ऐकवली. काका पेटती उदबत्ती घेऊन आले. दारापाशी धरली, टाकीवर धरली, रोशनदानाखाली धरली. धूर जिथल्या तिथे उभा.

"टाकीतलं पाणी कमी होतं ना? कुठं जातं?"

"उडून जातं," मी म्हणाले.

"काय?"

"उडून जातं."

"उडून पोथीत जातं, बिटिया. मे महिन्यात पाण्यावर वारा घातलास तर पाणी गार होईल, हवा कोरडी असते. आत्ता घालशील तर नुसती वाफ. आत्ता वर झाकण, आणि हवेला वाट. हवा पाहुणा आहे. यायला दार लागतं तसं जायलाही लागतं."

पुठ्ठा निघाला. टाकीवर काच आली. हवा आत यावी म्हणून दाराची खालची पट्टी दोन बोटं कापली. रोशनदानात स्वयंपाकघरातला असतो तसा छोटा पंखा बसला. काकांनी पेचकस दातांत धरला, समाधानाने मान हलवली आणि माझ्याकडे वळले. "मोटारीचं दाताला कळतं, भिंतीचं कळत नाही. आवाज येतोय का, तू सांग. पलीकडे गुरुजींची वेदांची संथा चालते."

आवाज येत होता. बारीक, सलग, भिंतीतून. पण सत्तरीचा माणूस माझ्यासाठी दोन दिवस शिडीवर चढउतार करत होता. मी म्हणाले, "नाही काका. काहीच नाही."

ते गुरुजींना जाऊन सांगून आले, "एकदम खामोश. माझी गॅरंटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी संथा अर्ध्यात थांबली. गुरुजी विद्यार्थ्यांना एकेक ऋचा म्हणून दाखवत आणि ते मागून म्हणत. त्या दिवशी सगळ्यांचा सूर हळूहळू घसरत एकाच जागी जाऊन बसत होता. गुरुजींनी कपाटाला कान लावला आणि चौकात आले. "वामनराव, माझे विद्यार्थी तुमच्या पंख्याच्या मागून म्हणायला लागले."

विद्यार्थी हसले. काकांना शब्द कळले नाहीत, हसणं दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना सगळं कळलं.

खोलीत येऊन त्यांनी पंखा बंद केला. शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "मला चांगलं वाटावं म्हणून बोललीस ना?"

"हो."

"बहिऱ्याला सगळेच चांगलं सांगतात. मी विचारलं काय आणि लोक सांगतात काय. तुला कान म्हणून घेतलं होतं मी."

एवढंच. मला तेव्हा रडू आलं नाही, पण ते वाक्य अजून कुठेतरी अडकलेलं आहे.

त्यांनी काम सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या पात्यांचा, संथ फिरणारा पंखा कुठूनसा आणला. "छोटा पळतो म्हणून ओरडतो. मोठ्याला पळावं लागत नाही." या वेळी तो भिंतीला ठोकला नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांवर चौकटीत अधांतरी टांगला. आणि मला गुरुजींच्या खोलीत पाठवलं. कपाटाला कान लावायचा, चौकात यायचं आणि तिथून, शिडीवर त्यांना ऐकू जाईल असं सांगायचं.

"आहे," मी म्हणाले.

"काय?"

"आहे, काका, अजून आहे."

त्यांनी एक पट्टी सैल केली. मी पुन्हा गेले. "कमी झाला, पण आहे. डावीकडून येतोय." आई पोळपाट सोडून बाहेर आली, हा आवाज कोणाचा ते बघायला. गुरुजी ओट्यावरून म्हणाले, "ही बोलते तर." सात वेळा मी त्यांना जमलं नाही म्हटलं, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा जास्त उजळत गेला. आठव्यांदा कपाटाला कान लावला तर नुसतं लाकूड होतं.

"गेला," मी ओरडले. "खरंच गेला."

चतुर्थीला गुरुजींनी कपाट उघडून भिंतीवरून हात फिरवला. "राहू देत मासे," म्हणाले.

त्यानंतर काका कुठेही काम करायला निघाले की मला हाक मारत. दुर्गाघाटावरच्या एका दुकानात त्यांनी मालकाला माझी ओळख करून दिली, "हमारी ही है ये, कान इन्हीं का है." मी लोकांच्या तोंडावर सांगू लागले, अजून आवाज येतोय, नीट झालेलं नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही मला कोणी "लाउडर" म्हणालं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मुलगा जबलपूरला, त्याला "साधा खोकला आहे, सुट्टी वाया घालवू नकोस" असं त्यांनीच कळवलेलं. संध्याकाळी सगळे त्यांच्या खोलीत जमत. बाबा म्हणाले, आज चेहऱ्यावर तेज आहे. गुरुजी म्हणाले, संक्रांतीला घाटावर याल. काका सगळ्यांच्या ओठांकडे पाहून हसत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि डावा कान पुढे केला.

"तू सांग."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. आईने डोळ्यांनी मला दटावलं.

"बरे नाही दिसत, काका," मी म्हणाले, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "खूप वाळलात. कालच्यापेक्षा श्वास जड आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं. "हं. मग मुलाला बोलाव."

मी तिथेच उभी राहून फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. बापाच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन तो बोलत बसायचा, चौकापलीकडे आम्हाला ऐकू यायचं. चार दिवस मिळाले त्यांना.