पहिली ओळ देवाची, पुढच्या माझ्या

"पहिली ओळ देवाची, पुढच्या माझ्या," असं म्हणायचं, रुमालाने सॅक्सोफोनचं तोंड पुसायचं आणि डोळे मिटायचे, ही मास्तरांची रीत. अर्थ सोपा होता. प्रार्थनेच्या गीताची चाल आधी जशीच्या तशी वाजवायची, मग तिचंच बोट धरून मनाला येईल तिकडे हिंडून यायचं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये असं वाजवतात आणि त्याला गॉस्पेल जॅझ म्हणतात, हे मला मास्तरांनीच सांगितलं. मी नाशिकची. जॅझशी माझी ओळख मॉलच्या लिफ्टपुरती.

दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत ते राहायचे. मूळचे नगरचे ख्रिस्ती. वडील तिथल्या देवळात पेटी वाजवायचे. हो, देवळात. नगरकडे बरेच ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. आजोबांनी तर प्रार्थनेची गीतं रचली होती, थेट अभंगाच्या चालीवर, टाळ घेऊन म्हणायची. मास्तरांच्या हातात शाळेच्या बँडमधलं बिगूल आलं, एका पाहुण्या पाळकाने अमेरिकेच्या चार रेकॉर्डी ऐकवल्या आणि, त्यांच्याच शब्दांत, "तवाच कामातून गेलो वहिनी." मग लग्नाचे बँड, पुण्याचे क्लब, मुंबईची हॉटेलं, मस्कत आणि शेवटी दोहा. बायको नगरला नर्स. सगळा संसार फोनवर.

हॉटेलच्या लाउंजमध्ये संध्याकाळी त्यांची ड्यूटी असायची. आम्ही एकदा ह्यांच्या वाढदिवसाला गेलो होतो. सगळी माणसं बोलण्यात गर्क, आणि मास्तर कोपऱ्यात उभे राहून मन लावून वाजवतायत. मॅनेजर मधूनच येऊन हाताने "आवाज कमी" अशी खूण करून गेला. धार्मिक काही वाजवायचं नाही, ही सक्त ताकीद. मास्तर तरी दोन प्रेमगीतांच्या मध्ये आजोबांची एखादी चाल सारून द्यायचे.

"कुणाला कळलं तर?" मी विचारलं.

"आवो, कुणी ऐकतच नाय, तर कळणार काय?" असं म्हणून ते हसले. मला काही हसू आलं नाही.

घरी रियाज केला की शेजारचे भिंत ठोकायचे. म्हणून ते खाली पार्किंगमध्ये जाऊन स्वतःच्या जुन्या गाडीत बसायचे आणि काचा बंद करून वाजवायचे. दोह्याचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू. अर्ध्या तासाने दार उघडून बाहेर यायचे ते आंघोळ केल्यासारखे निथळत. माझी लेक गॅलरीतून बघून म्हणायची, "आई, अंकल इज मेल्टिंग." वॉचमनला वाटायचं, बिचारा गाडीत बसून रडतो.

इथे चर्चची मुख्य उपासना शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारी. मराठी मंडळींना हॉल ठरावीक वेळ मिळायचा. त्यांची शेवटची प्रार्थना संपायच्या आत मल्याळी मंडळी दारात उभी. मास्तर सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या मांडायचे, माइक जोडायचे आणि नंतर वायरी गुंडाळून ठेवायचे. वाजवायला मात्र मनाई. तिथले सेक्रेटरी म्हणजे शहराबाहेर मेसईदला आमच्या ह्यांच्याच कंपनीत असलेले एक सज्जन. ते म्हणाले, "ब्रदर, दारूच्या ग्लासांपुढे वाजतं ते वाद्य. प्रभूपुढे कसं आणायचं?" हेच सज्जन कंपनीच्या पार्टीला त्याच लाउंजमध्ये येऊन बसून गेले होते. मास्तरांनी पाहिलं होतं, बोलले नाहीत. मी असते तर चारचौघांत विचारलं असतं, तुमच्या ग्लासात काय होतं ते.

साठी जवळ आली होती. एक दिवस चहा पिताना म्हणाले, "एकच इच्छा हाय वहिनी. आजोबांची चाल, माझं वाजवणं, अन् माझं नाव सांगून. माणसांपुढं, एकदाच. मग खलास, जातो घरी."

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला मुंबईहून येणाऱ्या गायकाचा व्हिसा अडकला, तेव्हा ह्यांनी मास्तरांचं नाव सुचवलं. अध्यक्ष खूष. सॅक्सोफोनवर जुनी गाणी, आणखी काय हवं? शाळेचा हॉल, दाराशी रांगोळी, स्टेजवर समई, समईच्या शेजारी माइक. मास्तर पांढरा शुभ्र सदरा घालून आले. मी पहिल्या रांगेत बसून फोनवर शूटिंग करत होते.

दोन जुनी गाणी झाली. मग त्यांनी रुमाल काढला, डोळे मिटले. सरळ, साधी एक ओळ आली आणि हॉलमधली कुजबुज थांबली. पुढे ती चाल कुठे कुठे गेली ते मला सांगता येणार नाही, मला त्यातलं कळत नाही. पण पुण्याहून लेकीकडे आलेल्या एक आजी ताल धरून टाळ्या वाजवायला लागल्या. भजनी मंडळातल्या कुणीतरी पिशवीतून टाळ काढले. एरवी कार्यक्रमभर फोनमध्ये तोंड खुपसून बसणारे बाप्ये माना डोलवायला लागले. मी रडत होते, त्यामुळे तेवढं शूटिंग हललंय.

अध्यक्ष डोळे पुसत स्टेजवर गेले. "काय अभंग होता! अंगावर काटा आला. मास्तर, कुठल्या संताचा हो?"

सॅक्सोफोनला शब्द नसतात. 'परंपरागत' म्हणाले असते, तर त्याच रात्री पालखीत बसवलं असतं त्यांना. मास्तर समईशेजारच्या माइकपाशी गेले, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हणाले, "संताचा नाही. माझ्या आजोबांचा. येशूच्या प्रार्थनेचं गीत आहे, आमच्या नगरच्या देवळातलं."

टाळ्या झाल्या, पण उरकल्यासारख्या. "छान, छान, सर्वधर्मसमभाव," असं म्हणून अध्यक्षांनी फराळ तयार असल्याचं जाहीर केलं. कुणी वेडंवाकडं बोललं नाही. आपल्याकडे शिकलेली माणसं वेडंवाकडं बोलत नाहीत, ती फराळाच्या रांगेत उभी राहतात. आजी तेवढ्या जवळ येऊन मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. कमिटीने मग ठरवलं, की यापुढे आपलं पारंपरिकच ठेवू.

शुक्रवारपर्यंत बातमी चर्चमध्येही पोचली. "समईपुढे वाजवलंत, ब्रदर?" सेक्रेटरी म्हणाले. "खुर्च्या आता तरुण मंडळी लावतील." वाजवणं नव्हतंच, आता खुर्च्याही गेल्या.

मी चिडून म्हटलं, "मास्तर, परंपरागत म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"गुपचूप तर हॉटेलात रोजच वाजवतो की, वहिनी."



पुढे हॉटेलने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. त्या कोपऱ्यात एक स्पीकर आला, त्याला आवाज कमी कर म्हणून खूण करावी लागत नाही. मास्तर नगरला गेले आणि वर्षाच्या आत हृदयविकाराने वारले. बायकोचा मेसेज आला, दोन ओळींचा.

मग मंडळ आणि चर्च, दोन्हीकडून मला फोन आले, तो दिवाळीचा व्हिडिओ आहे का म्हणून. मी पाठवला.

मंडळाच्या ग्रुपवर तो लगेच आला. 'आपल्या मंडळाचे लाडके कलाकार, भावपूर्ण अभंगवादन.' अध्यक्ष डोळे पुसतात, तिथे तो संपतो. खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

चर्चच्या स्मरणसभेला आम्ही दोघं गेलो होतो. तिथे तो पडद्यावर दाखवला. त्यात समई दिसत नाही, टाळ ऐकू येत नाहीत. माइक समईला लागूनच होता, म्हणून मास्तर बोलतात तेही कापलेलं. सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, "असा सेवक पुन्हा मिळायचा नाही."

आपलं नाव, आपलं गाव, आपला आजोबा आणि आपला देव मास्तरांनी एका दमात सांगितला, तेवढाच तुकडा दोन्हीकडे नाही.

मी दोघांनाही अख्खाच पाठवला होता.