पाय लागला की

ज्युडो मी शिकली ते एका पोरीले आपटाले. फॉर्मवर ज्युडोच्या सरांनी कारन म्हनून शिस्त, तब्येत असं काय काय लिवलं होतं, मी सही ठोकली. मनात एकच, हिले पाठीवर पाडाची.

झालं असं. कॉलेजचा पहिलाच महिना होता. रिसोडच्या बसस्टँडवर मी खाली फरशीवर बसून डबा खात होती. मायनं वाळवून ठेवलेल्या तुरीच्या दान्याची, सोल्याची भाजी देल्ली होती. ही पोरगी आमच्याच वर्गातली. गाडी पकडाले धावत आली अन् तिची लाथ थेट डब्याले. भाकर इकडं, सोले तिकडं. आपल्यात मानसाले, पुस्तकाले, अन्नाले पाय लागला की हात आपोआप तिथं लागते अन् कपाळाले जाते. बारके लेकरंही करतात. हिनं मांगं पाह्यलं अन् हासली. "काहून वं, रस्त्यातच मांडला संसार?" अख्खं स्टँड हासलं. मी एकेक सोला वेचत राह्यली. अंगाची नुसती आग झाली.

ती कॉलेजच्या हॉलमधी ज्युडो खेळते समजलं. दुसऱ्या दिवशी मी तिथं हजर.

सरांनी आधी वाकाले शिकवलं. गादीवर जाताना वाकाचं, समोरचीले वाकाचं, हरलं तरी वाकाचं. हिच्यापुढं? मी दात खाऊन वाकली. मंग महिनाभर नुसतं पडनं. हनुवटी छातीले, हात गादीवर सपकन.

"सर, पाडनं कवा शिकवता?"

"जिले पडता येत नाही, तिले मी दुसरीले हात लावू देत नाही."

बाकी नियम सोपे होते. कोटाची कॉलर अन् बाही धराची. समोरचीले जोरानं सपाट पाठीवर पाडलं की खेळ तिथंच खतम. खाली वीस सेकंद दाबून धरलं तरी जिंकली. तिनं दोनदा थाप मारली की लगेच सोडाचं. हातानं पाय धराचा नाही, पायानं पाय झाडला तर चालते. अन् सर थांबा म्हनत नाहीत तोवर काही झालं तरी थांबाचं नाही.

इथंच माही गोची झाली. तिच्यासंगं पहिली जोडी लागली. मी तिच्या घोट्यावर पाय मारला, तो लागला, अन् माहा हात कॉलर सोडून तिच्या अंगाले लागला, कपाळाकडं निघाला. नमस्कार! पुरा व्हायच्या आत मी धपकन पाठीवर.

"पाया पडाले आली का वं?" ती म्हने.

हासून घे म्हनलं, हास.

घरी गोठ्यातल्या खांबाले पोतं बांधलं. दोन्ही मुठीत त्याचे कोपरे धरून रोज लाथा घातल्या, हात सुटनं बंद होईस्तोवर. माय म्हने, "त्या खांबानं तुहं काय घोडं मारलं?" मले तर पोत्यात तिचंच तोंड दिसे.

दिवाळीनंतर कॉलेजातल्या कॉलेजात सामने झाले. समोर तीच. ती वाकली, मी वाकली. झटापटीत दोघी खाली पडलो. उठताना तिची टाच माह्या तोंडावर बसली. ओठ फुटला. सर काही थांबा म्हनले नाहीत. पन तिनं माही बाही सोडली, माह्या गालाले बोटं लावली अन् हात कपाळाकडं नेला.

म्हंजे हिले येत होतं तर! बसस्टँडवर बी येत होतं. मानूस पाहून करत होती.

मी उठता उठता दोन्ही मुठीत तिचा कोट आवळला अन् घोट्यावर असा पाय झाडला की ती आडवीच उडाली. सपाट पाठ. सरांचा हात वर गेला. खेळ खतम.

पडल्या पडल्या तिनं तो अर्धा राह्यलेला हात कपाळाले लावला. "लय लागलं का वं तोंडाले?"

मी उभी राह्यली, नियमाप्रमानं वाकली. ओठातून रगत गादीवर ठिपकलं, तरी मले लय गोड वाटून राह्यलं होतं. माह्या तोंडाचा नमस्कार तिनं पुरा केला. डब्याचा राह्यलाच.