ट्रेसिंग पेपरवरचा ओटा

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तिच्या ओट्याचं एक पुस्तक केलं. ओझरच्या कारखान्यात मी जन्मभर ड्राफ्ट्समन होतो. आमचं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा उरलेले ट्रेसिंग पेपर साहेबांना विचारून घरी आणले होते. ते कपाटावर पडून होते.

पुस्तकात एक अक्षरही नाही. चौदा पानं, प्रत्येकावर शाईनं एकच वस्तू, ती ओट्यावर असायची त्याच जागी. मिसळणाचा डबा, सांडशी, दुधाचं पातेलं. कागद आरपार दिसतो, त्यामुळे पहिलं पान उघडलं की सगळा ओटा समोर. पान उलटलं की एक वस्तू कमी होते आणि डावीकडे उलटी होऊन बसते. शेवटच्या पानावर फक्त नळ. दोऱ्यानं शिवलं. प्रत एकच.

दिवाळीला मुलगी बंगळुरूहून आली. म्हणाली, "बाबा, वाळवी लागली तर? मी स्कॅन करून ठेवते." तिनं ते इंटरनेटवर टाकलं. लोकांनी बदाम पाठवले. मी फोनवर पाहिलं, तर पांढऱ्या पडद्यावर एकटी सांडशी. मग एकटं पातेलं. भांड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसारखं. मुलीला तसं बोललो नाही. ती गेल्यावर महिनाभर पुस्तकाला हात लावला नाही. टीव्ही मोठ्यानं लावून जेवायचो.

मग एका रविवारी कळवणहून एक बाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या. मुलीकडून नंबर घेऊन आधी फोन केला होता.

"काका, फोनवर पाहिलं. पण खरं पुस्तक हातात घ्यायचं होतं."

"एवढ्यासाठी एसटीनं आलात?"

"हो."

हात धुऊन, पुसून त्या बसल्या. पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ पुढे गेल्याच नाहीत. "हे असं आहे होय," एवढंच म्हणाल्या. मी चहा ठेवला. किती दिवसांनी दोन कप काढले.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "ती टिंबं कशाची हो?"

"कसली टिंबं?"

त्यांनी फोन काढला, पातेल्याचं चित्र बोटांनी मोठं केलं. शाईच्या रेघेखाली बारीक टिंबांची एक वळणदार ओळ होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गळ्याचा गोल. खांद्याचा उतार. ब्लाउजचा कट.

ही घरात ब्लाउज शिवायची. दात्यांचं छोटं चाक फिरवून कागदावर माप उतरवायची. माझ्या गठ्ठ्यावर कागद ठेवून तिनं चाक फिरवलं असणार, आणि खालच्या कागदांवर दाब उमटला. मला कधी सांगितलं नाही. तिच्या खुणांवरच मी चित्रं काढत बसलो होतो, आणि मला पत्ता नव्हता. खऱ्या पानावर त्या जागी बोट फिरवलं, तेव्हा कुठे जाणवलं.

बाईंनी फोन बाजूला ठेवला. नंतर म्हणाल्या, "मी उगाच विचारलं का?"

"नाही. बरं केलंत."

साडेचारच्या गाडीला त्यांना सोडून आलो. घरी येऊन मुलीला व्हिडिओ कॉल लावला. टिंबांचं सांगितलं. ती रडली, मग मीही. सावरल्यावर मी विचारलं, "पडद्यावर पानं एकावर एक दिसतील असं काही करता येतं का गं?"

"येतं बाबा. आणि ती टिंबं अजून ठळक करते."

"ठळक नको. आहेत तशीच राहू देत."

तासभर ती करून दाखवत होती, मी चुका काढत होतो. दोन पानं जमली. तिसरं हलत होतं. मग रविवार असूनही तिला ऑफिसची मीटिंग लागली, म्हणाली, "उद्या बघू." स्क्रीन काळी झाली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी चहाचे कप विसळायला उठलो.