खोक्यांवरची बैठक

आंटींच्या घरात सोफा नव्हता. पुढच्या खोलीत भिंतीला लावून पुस्तकांची खोकी एकावर एक रचलेली होती आणि त्यांवर एक जाड निळं-पिवळं कापड अंथरलेलं होतं. येणारा-जाणारा त्यावरच टेकायचा. पोस्टमन पार्सल घेऊन आला तरी आंटी त्याला "बस जरा" म्हणायच्या, आणि तो बिचारा खरंच बसायचा. मी मात्र बसले नाही. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात लावून तो कपाळाला न्यायचा, अशा घरात मी वाढले. पुस्तकांवर चक्क बूड टेकायचं म्हणजे अतीच झालं. पहिल्या दिवशी उभी राहिले ती पुढेही उभीच राहिले.

आम्ही लंडनच्या कडेला इल्फर्डला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो सकाळी ट्रेनने सिटीत जायचा, मुलगी शाळेत, आणि मी घरात भिंतींशी गप्पा मारायचे. पुण्यात मी डीटीपी करायचे, म्हणजे लेखकांनी लिहिलेला मजकूर कॉम्प्युटरवर पुस्तकाच्या पानांत नीट बसवून द्यायचा. इथे त्या कामाला कोण विचारणार, असं धरूनच चालले होते. मग लायब्ररीच्या फळ्यावर हाताने लिहिलेला कागद दिसला: पुस्तकाची पानं लावणारी व्यक्ती हवी, घाई करणारी नको. मला ते 'घाई करणारी नको' फार आवडलं. त्याच दुपारी गेले.

आंटी मूळच्या घानाच्या. साठीला टेकलेल्या, उंच, आवाज भरदार. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांत नर्स म्हणून राबल्या आणि रिटायर झाल्यावर पुस्तकं काढायला लागल्या. मुलांसाठी इंग्रजीत गोष्टी स्वतः लिहायच्या, शिवाय इथे राहणाऱ्या आफ्रिकन बायकांची पुस्तकंही छापायच्या. प्रकाशनसंस्था म्हणजे ही पुढची खोली, एक जुना कॉम्प्युटर, एक फोन आणि चाकांची एक बॅग. लेखिका त्या, प्रकाशक त्या, हमालही त्याच. नाव सांगितलं होतं त्यांनी. पण वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारायची नाही, ही रीत त्यांच्याकडेही आणि आमच्याकडेही. 'आंटी'वर दोघींचं जमलं.

"बस," त्या म्हणाल्या.

"नको, मी ठीक आहे."

"आमच्याकडे पाहुण्याला आधी बसवतात, पाणी देतात, आणि मग विचारतात कशासाठी आलास. उभ्या माणसाशी आम्ही बोलणं सुरू करत नाही."

"मग मी पाहुणी नाही असं समजा. मी कामाला आलेय. पण मी पुस्तकांवर बसत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, हसल्या, आणि कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढून दिली. घरातली ती एकुलती एक खुर्ची. मी खुर्चीवर, मालकीण खोक्यांवर, असं आमचं काम सुरू झालं. काम संपलं की मी उठून उभी राहायचे आणि पर्स खांद्याला लावूनच गप्पा मारायचे.

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती. कुठलंही पुस्तक छापायला देण्याआधी त्या ते स्टेशनमागच्या एका सलूनमध्ये वाचून दाखवायच्या. तिथे आफ्रिकन बायका केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून घ्यायला येत. एका डोक्याला अख्खी दुपार जाते. बाई खुर्चीतून हलू शकत नाही. याच्याहून चांगला श्रोता कुठे मिळणार? आंटी कोपऱ्यात बसून हातातली पानं वाचायच्या. जिथे बायका जांभया देतील किंवा टीव्हीकडे बघायला लागतील, तिथे पेन्सिलीने काट मारायच्या. लेखिका मग फोनवर भांडायच्या. "माझ्याशी नको, त्या वेण्यावाल्या बायकांशी भांड," एवढंच त्यांचं उत्तर.

मी तिथे आल्यावर वर्षभराने त्यांनी स्वतःच्या आईवरचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. ते इंग्रजीत नव्हतं, त्यांच्या फान्टी भाषेत होतं. त्यात उलटा केलेला सी आणि उलट्या इंग्रजी तीनसारखा ई अशी अक्षरं, माझ्या कॉम्प्युटरला ती सापडेनात. ती आणून बसवली, आणि एक शब्द न कळता मी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लावलं. आई समुद्राकाठच्या बाजारात धुरावलेले मासे विकायची आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, एवढंच मला ठाऊक होतं.

"शेवटी काय होतं?" मी विचारलं.

"बस, सांगते." त्यांनी शेजारच्या खोक्यावर थाप मारली.

"अशीच सांगा ना."

"उभ्या माणसाला गोष्ट सांगत नाहीत."

"मग राहू दे." हट्टात मी कुणाला हार जात नाही.

पुस्तक छापलं आणि तिथे घोटाळा झाला. छापण्याआधी आंटींनी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले होते. प्रत्येकाने आनंदाने सांगितलं, माझ्यासाठी ठेव, बहिणीसाठी ठेव, चर्चमधल्या सगळ्यांसाठी ठेव. मोठ्या बाईला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत; आणि ती रीत ठाऊक असूनही आंटींनी त्या शब्दांवर भरवसा ठेवून भरमसाठ प्रती काढल्या. आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणाला 'नक्की येतो' म्हणणाऱ्यांच्या जिवावर कुणी मोदकांची उकड काढत नाही. पण आईचं पुस्तक होतं, भान राहिलं नसावं.

कुणी आलं नाही. दुकानं ती भाषा बघूनच नको म्हणायची. तिकडून आलेल्या म्हाताऱ्यांतल्या काहींनी घेतलं. ज्यांच्यासाठी आंटींनी लिहिलं, त्या इथे जन्मलेल्या मुलींना फान्टी समजायची, मोडकीतोडकी बोलताही यायची, पण वाचता येत नव्हती. खोकी पुढच्या खोलीत मावेनात म्हणून जिन्यात गेली, मग झोपायच्या खोलीत, मग बाथरूमच्या दाराशी. इंग्रजी पुस्तकं शाळा आणि लायब्रऱ्या घेऊन जायच्या. आई तेवढी घरात राहिली.

त्यातच घरमालकाने घर विकायला काढलं. आंटींना कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, फ्लॅट मिळाला, तो एवढासा. ईस्टरपर्यंत घर रिकामं करायचं होतं. छापखान्याच्या माणसाने सांगितलं, आमची व्हॅन पाठवतो, सगळा माल उचलून नेतो, लगदा होईल. आंटींनी हे मला अगदी सरळ आवाजात सांगितलं, पण सांगताना त्यांचा हात अंथरलेल्या कापडावरून फिरत होता.

"व्हॅनला हो म्हणालात?"

"अजून नाही. पण दुसरं काय करणार? लोकांना वाचता येत नाही."

मला सणकून राग आला. "आंटी, तुम्ही सगळ्या जगाची पुस्तकं त्या सलूनमध्ये वाचून दाखवता. हे का नाही वाचलंत?"

त्या म्हणाल्या, "माझी आई आहे. तिच्यावर कुणी जांभई दिली तर मला सोसणार नाही."

"वाचता येत नाही, ऐकता तर येतं ना? माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही, पण गोष्ट अर्धवट सोडली तर ती मला जेवू देत नाही. वाचा. आणि शेवट वाचू नका."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी गेलो. मी चाकांची बॅग भरून प्रती घेतल्या होत्या. सलूनमध्ये केस जळल्याचा आणि नारळाच्या तेलाचा वास, टीव्हीवर कुठलासा सिनेमा. आंटींनी कोपऱ्यात बसून पुस्तक उघडलं. वाचायला लागल्या. आधी कुणाचं लक्ष नव्हतं. मग एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी. कुणीतरी उठून टीव्हीचा आवाज बंद केला. मला एक अक्षर कळत नव्हतं, मी फक्त तोंडं बघत होते. वेण्या घालणाऱ्या मुलीचे हात हवेतच थांबले होते आणि जिच्या अर्ध्याच डोक्याला वेण्या झाल्या होत्या, ती आरशातून आंटींकडे टक लावून बघत होती.

मग आंटींनी पुस्तक मिटलं.

एकच गलका झाला. अर्ध्या वेण्यांची मुलगी खुर्चीतून उठलीच. "आंटी, नो! असं नाही करायचं. पुढे काय झालं?"

"घरी ने. आईला सांग वाचायला."

"माय मम इज इन घाना, इन केप कोस्ट!"

"मग तिला पाठव. ती फोनवर वाचून दाखवेल." सलूनच्या काउंटरवर परदेशी फोन करायची कार्डं विकायला होतीच. त्या मुलीने पुस्तकही घेतलं आणि कार्डही. बॅग रिकामी करून आम्ही परत आलो.

त्यानंतर शनिवार-रविवार आमचा तोच उद्योग. एका सलूनवालीने दुसरीला सांगितलं, लंडनच्या दुसऱ्या भागांतून, टॉटनमहून बोलावणं आलं, पेकमहून आलं. नवरा गाडीत खोकी भरताना कुरकुरायचा, "अगं, वीकेंडला माणसं पिकनिकला जातात, आपण डिलिव्हरी करतोय." पण एकदाही नाही म्हणाला नाही. जिन्यातली आणि झोपायच्या खोलीतली खोकी संपली, मग आंटींच्या घरातली बैठक हळूहळू खाली यायला लागली. आधी खोक्यांचे दोन थर होते, मग एकच उरला. बसणाऱ्यांचे गुडघे हनुवटीशी यायला लागले आणि उठताना हात द्यावा लागायचा. छापखान्याच्या व्हॅनला आंटींनी कळवून टाकलं, येऊ नका.

घर सोडायच्या दिवशी मी सकाळपासून मदतीला होते. खुर्ची, कॉम्प्युटर, एक पेला सोडून भांडी, सगळं नव्या फ्लॅटवर गेलं होतं. पुढच्या खोलीत उरलं ते एकच खोकं, त्याच्यावर घडी करून ठेवलेलं ते निळं-पिवळं कापड. आंटी खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या. माझे पाय भरून आले होते.

"आंटी, आता तरी शेवट सांगा."

"बस," त्या म्हणाल्या.

दुसरं काही बसायला नव्हतंच. तरी मी उभी राहू शकले असते. मी वाकून खोक्याला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि अंग चोरून त्याच्या काठावर बसले. आंटींनी आत जाऊन पाणी आणलं, मी ते प्यायले, आणि मग त्यांनी सांगितलं.

तरुणपणी, नर्सची नोकरी करतानाच, त्यांची पहिली छोटी पुस्तिका छापून आली तेव्हा ती घेऊन त्या घानाला गेल्या, थेट बाजारात, आईपाशी. आईने पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला. शाबासकीचा एक शब्द बोलली नाही. आपल्या बैठ्या स्टुलावरून थोडी उठली, पुस्तिका खाली सारली आणि तिच्यावर बसून मासे विकायला लागली. लेक तिथून रडत निघाली. तो राग तिने पुष्कळ वर्षं धरला. आई गेल्यावर अंत्यविधीला शेजारची मासेवाली भेटली. ती म्हणाली, तुझी आई तुझ्या पुस्तकावर शेवटपर्यंत बसली गं. बाजारात जे हरवून चालणार नाही, ते आम्ही बुडाखाली ठेवतो. बाईला उठवल्याशिवाय ते कुणाला नेता येत नाही. संध्याकाळी फडक्यात गुंडाळून घरी न्यायची, सकाळी पुन्हा आणायची.

"म्हणून मी सगळ्यांना पुस्तकांवर बसवते," आंटी म्हणाल्या. "न्यायला कुणी येईपर्यंत राखायला नको?"

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आंटी रडल्या नाहीत. त्यांनी मला उठायला हात दिला, मग खोकं उघडून एक प्रत माझ्या हातात ठेवली आणि बाकीच्या आपल्याबरोबर फ्लॅटवर नेल्या. तिथे ते खोकं त्यांच्या पलंगाशेजारी असायचं, त्याच कापडाखाली. त्यातलं एकही पुस्तक त्यांनी मग विकलं नाही.

माझी प्रत मी घरी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. अजूनही मी पुस्तकांवर बसत नाही. तो एक दिवस सोडून. पुढे एकदा मुलीने ते पुस्तक काढलं, पानं चाळली. बाहेर खेळायला निघाली होती, एका पायात बूट.

"आई, हा पुस्तक कुठल्या लँग्वेजमध्ये आहे?"

"आपल्याला येत नाही त्या."

"मग तू कशाला ठेवला? व्हॉट्स इट अबाउट?"

"एका मासेवालीची गोष्ट आहे. खाली बस, मग सांगते."

ती कुरकुरत एका पायात बूट तसाच ठेवून बसली. मी आधी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं.