माजी पाणीमंत्री

सकाळी नऊ वाजता बुबाकारांच्या डाव्या कानात इअरफोन जायचा आणि आमच्या लॅबमधलं काम दोन मिनिटं थांबायचं. मीटिंग चालू असली तरी ते एक बोट वर करून सगळ्यांना गप्प करायचे. पश्चिम आफ्रिकेतल्या त्यांच्या देशात तेव्हा दुपारच्या बातम्या लागायच्या, आणि तिथलं मंत्रिमंडळ बदललं की नवी यादी त्याच बातम्यांत वाचली जायची. "आज शेती गेली," इअरफोन काढत ते सांगायचे. "अर्थ टिकला. चिवट आहे तो." माणसांची नावं ते कधी घ्यायचे नाहीत, खात्यांची घ्यायचे.

ते स्वतः तिथे चौदा महिने पाणीमंत्री होते. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावी, आमच्या कंपनीत, मोटारींच्या कूलंट पंपांची चाचणी करायचे. "पूर्वी एका देशाला पाणी द्यायचो, आता एका रेडिएटरला," असं म्हणून स्वतःच हसायचे. मी नागपूरहून आलो तेव्हा नुसता आवाज ऐकून पंपाचा बिघाड ओळखणं मला जमत नव्हतं. ते त्यांनी महिनोनमहिने, न चिडता शिकवलं. लॅबमधल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक खातं दिलं होतं. ड्रॉवरमध्ये औषधांचं दुकान बाळगणाऱ्या लिंडाला आरोग्य, सदा सुटीवर असणाऱ्या टॉमला पर्यटन. मला पाणी. स्वतःचं खातं मला दिलं म्हणून बाकीचे चिडवायचे. मला ते आवडायचं, कबूल करतो.

मंत्रिपद कसं गेलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. एका रविवारी त्यांचा बालमित्र, तेव्हाचा शिक्षणमंत्री, घरी जेवायला आला. दोनदा भात मागून घेतला, मुलांशी खेळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी रेडिओवर यादी वाचली गेली. मित्राचं नाव होतं, यांचं नव्हतं. बाहेर येऊन बघतात तर ड्रायव्हर सरकारी गाडी घेऊन केव्हाच गेलेला. "त्यानं यादी रविवारी सकाळीच पाहिली होती," बुबाकार म्हणाले. "मला काढलं, ठीक आहे. मंत्री कधीतरी जायचाच. पण तो जेवला रे."

पुढे टीम लीडची जागा रिकामी झाली तेव्हा वरच्यांपाशी माझं नाव त्यांनीच काढलं, आणि ती मला मिळाली. यंदा मार्चमध्ये मला वरून निरोप आला: एक माणूस कमी करायचा आहे, शुक्रवारपर्यंत नाव द्या, सोमवारपर्यंत कुणाजवळ बोलू नका. निवृत्तीला सगळ्यांत जवळ बुबाकार होते. मी त्यांचं नाव दिलं. माझं ग्रीन कार्ड अडकलं होतं, मुलगी लहान होती, वगैरे. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत.

त्या रविवारी त्यांच्याकडे आमचं जेवण आधीच ठरलं होतं. जाताना गाडीत बायको, मुग्धा, म्हणाली, "अरे, सांगून टाक ना त्यांना. उद्या फेस कसं करणार आहेस? नाहीतर कॅन्सल करू या. मी फोन करते, मुलीला बरं नाही म्हणून."

"एचआरने नाही म्हटलंय, यार. आणि कॅन्सल केलं तर त्यांना डाउट येईल."

तर मी जेवलो. तांबड्या रश्श्यात शिजवलेला माशांचा भात होता. त्यांच्या पत्नीनं, अवाकाकूंनी, आग्रह केला तेव्हा आणखी घेतला. उन्हाळ्यात पंप तपासायचा नवा टेस्ट बेंच येणार म्हणून बुबाकार खुशीत होते. मी हो हो करत होतो. निघताना काकूंनी लाल झाकणाच्या डब्यात भात भरून दिला.

सोमवारी त्यांचं कार्ड दाराला लागेना. त्यांना एचआरच्या खोलीत नेलं, आणि थोड्या वेळानं सामानाचा खोका घेऊन ते बाहेर आले, मागे सिक्युरिटीचा माणूस. नऊ वाजले होते, पण इअरफोन त्यांच्या खिशातच होता. माझ्या टेबलाशी थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी," मी म्हटलं. खोटं बोलायचं धैर्यही नव्हतं.

त्यांनी मान हलवली. खोका नीट धरला.

"भात पुरला का, शिक्षणमंत्री?"

याला सहा महिने झाले. बुबाकारांचं घर आमच्यापासून गाडीनं बारा मिनिटांवर आहे. लाल झाकणाचा डबा घासूनपुसून आमच्या ओट्यावर ठेवलेला आहे. कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये, असं मला आईनं शिकवलंय. त्यात काय घालावं ते सुचत नाही, म्हणून जाणं झालं नाही, असं मी मुग्धाला सांगतो.