दोह्याच्या गच्चीवरच्या बिबड्या

अ‍ॅबर्डीन सोडून दोह्याला जायचं ठरलं तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाने मला उन्हाची भीती घातली आणि प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं, "मी जळगावची आहे." हे मी अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, मे महिन्यातली दुपार हा आमच्या घरचा धंदाच आहे. भर उन्हात आम्ही लंगडी खेळायचो, असंही मी आमच्या स्कॉटिश शेजारणीला सांगून टाकलं. ती बिचारी "ओ डिअर" म्हणाली. खरं म्हणजे जळगावात उन्हाळ्यात आम्ही सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घ्यायचो आणि संध्याकाळपर्यंत फरशीवर लोळत पडायचो. पण माहेर सोडून बरीच वर्षं झाली की माणूस तिथला उन्हाळाही गोड करून सांगतो.

जायचा हट्ट माझाच होता. नवरा पुण्याचा, तेलाच्या धंद्यातला इंजिनिअर, आणि त्याला तिकडची थंडी मनापासून आवडायची. मला मात्र हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार पडला की रडू यायचं. त्याहून मोठं दुखणं होतं आमची सात वर्षांची मुलगी. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत. जेवताना बापलेक स्कॉटिश हेल काढून शाळेतल्या गमती सांगत खिदळायचे आणि मी भात वाढत बसायची. आपल्याच घरात मी पाहुणी आहे असं वाटायचं, आणि ते फार लागायचं. म्हणून दर शनिवारी मी तिचा मराठीचा तास घ्यायला लागले. तास म्हणजे तिने एक वाक्य बोलायचं आणि मी त्यातल्या चार चुका काढायच्या. काही महिन्यांत ती बोलेनाशीच झाली. मी निदान केलं : इथे वातावरण नाही.

नवऱ्याला दोह्यातली नोकरी चालून आली तेव्हा मी हेच वातावरण पुढे केलं. तिथे आपली माणसं आहेत, मुलगी मराठी बोलेल.

"शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी," नवरा म्हणाला. "मराठी बोलणार कोणाशी, उंटाशी?"

शेवटी तह झाला. त्याच्या कंपनीने अ‍ॅबर्डीनमधली जागा सप्टेंबरपर्यंत मोकळी ठेवायचं कबूल केलं होतं. तोवर मुलगी आपणहून मराठीत बोलली तर राहायचं, नाहीतर सामान बांधून परत. "नुसतं ऊन खायला मी तिथे राहणार नाही," असं त्याने बजावलं. मी म्हटलं, महिन्याभरात बोलेल. परत त्या साडेतीनच्या अंधारात जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

जूनमध्ये आम्ही पोचलो. विमानाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं तर तोंडावर गरम हवेचा असा झोत आला की मला वाटलं, विमानाचं इंजिन शेजारीच चालू असावं. मी बाजूला सरकले. झोत तिथेही होता. इंजिन केव्हाच बंद झालं आहे, असं नवऱ्याने शांतपणे सांगितलं.

अल मुंतझामध्ये एका जुन्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पहिल्याच सकाळी मी थंड पाण्याचा नळ सोडून त्याखाली उभी राहिले आणि किंचाळत बाहेर आले. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापून नुसतं कढत झालं होतं. वरच्या मजल्यावरची शेजारीण किंकाळी ऐकून खाली आली. ती रत्नागिरीकडची, नवरा इंडस्ट्रियल एरियात गोदामावर क्लार्क, दोन मोठ्या मुली, आणि सगळी बिल्डिंग तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिने मला पहिला धडा दिला : गीझर बंद करायचा, रात्रभर त्यातलं पाणी निवू द्यायचं आणि सकाळी अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. "इथे उलटा हाय सगला," ती म्हणाली. मराठी ऐकून मला भरून आलं. तरी 'सगळं' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आलाच होता. उपकारकर्तीचंही शुद्धलेखन तपासल्याशिवाय मला राहवत नसे.

उकडतंय असं मात्र मी चुकूनही म्हणत नव्हते. गाडीचं स्टिअरिंग धरायला भांडी उतरवायची जाड फडकी वापरायची, एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि मी आंधळ्यासारखी चाचपडत गाडीचं दार शोधायची, पण तोंडाने, "छे, जळगावात याहून जास्त." नवरा मान डोलवायचा. तो तर ऑफिसात स्वेटर घालून बसत होता.

मुलीची वेगळीच अडचण. अ‍ॅबर्डीनमध्ये आमचा घरचा नियम होता, ऊन पडलं की हातातलं काम टाकून बाहेर पळायचं. तो तिच्या अंगात इतका मुरला होता की दोह्यात रोज सकाळी ती खिडकीशी जाऊन "इट्स सनी, मम!" म्हणून बूट घालायला लागायची. रोज. मग बाहेर जाता येत नाही म्हणून हिरमुसून वर खालाकडे जायची आणि जेवायच्या वेळेला परत यायची. त्यांच्याकडे टीव्हीवर अरबी कार्टून लागतात म्हणून जाते, असं मी धरून चालले होते. घरी आल्यावर ती बोलायची इंग्रजीतच. जुलै लागला तरी दोह्याने तिच्या तोंडी घातलेले परके शब्द दोनच होते, यल्ला म्हणजे चल आणि खलास म्हणजे संपलं.

"अभिनंदन," नवरा म्हणाला. "पोरगी अरबी बोलायला लागली."

मी हसले, पण मनातून घाबरले होते. त्याने तिकडच्या ऑफिसला फोन केल्याचं मला कळलं होतं.

अशा वेळी शहाणी बाई काय करेल? मी बिबड्या घालायच्या ठरवल्या. बिबडी म्हणजे आमच्या खानदेशातला ज्वारीचा जाडसर पापड. ज्वारी भिजवून, आंबवून, तीळ-लसूण-मिरची घालून शिजवायची आणि कापडावर थापून कडक उन्हात वाळवायची. अ‍ॅबर्डीनमध्ये मोजे रेडिएटरवर चार चार दिवस ओले राहायचे, तिथे बिबड्यांचं नावही काढायची सोय नव्हती. इथे फुकटचं ऊन वाया चाललं होतं. शिवाय मुलीला शेजारी बसवून थापायच्या, म्हणजे गप्पा होतील आणि गप्पांतून मराठी फुटेल, असा माझा बेत होता. हौसेला मोल नसतं. अक्कलही नसते, हे मला नंतर कळलं.

थापायचं काम सकाळी बरं झालं. गच्चीवर टाक्या, डिश अँटेना आणि एसीच्या गरम हवा फेकणाऱ्या पेट्या यांच्या मधे मी जुनी चादर अंथरली. मुलीने दोन बिबड्या थापल्या, एकीला डोळे काढले आणि संपूर्ण वेळ इंग्रजीत बडबड केली. दुपारी वारा सुटला आणि वाळू उडायला लागली. बिबड्या उलटायला हव्यात म्हणून भर दुपारी मी पुन्हा वर निघाले. मुलगी मागोमाग आली. दाराची लोखंडी कडी ओढणीने धरून उघडली. बिबड्यांवर वाळूचा असा थर बसला होता की तीळ कुठले आणि वाळू कुठली ते ओळखू येईना. मुलगी म्हणाली, "मम, कॅन वुई गो डाउन?" मी म्हटलं, "अगं, मी जळगावची," आणि खाली वाकले.

वाकलेली सरळ काही झाले नाही. गच्ची एका बाजूला कलली आणि मी बिबड्यांवर आडवी पडले. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं तर गच्चीवर होतं, तरीही ते खाली आलंच. जीभ टाळ्याला चिकटली होती, हाक मारावी तर आवाज फुटेना. मुलीच्या चपलांचा जिन्यावरून फटफट आवाज गेला आणि मग खालून एक किंकाळी आली.

"खाला! माजी आय पडली गो! बेगीन चल! बेगीन!"

आधी मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी आहे. मग कळलं, आणि त्या तापल्या गच्चीवर पडल्या पडल्या मला हुंदका आला. आणि आता हे कबूल करायलाच हवं, त्या हुंदक्यामागून 'आय नाही, आई' हेही आलं होतं. पण जीभ उचलली नाही. उन्हाने माझ्यावर केलेला हा एकच उपकार.

खाला दोन्ही मुलींना घेऊन धावत आली. तिघींनी मला धरून खाली तिच्या घरी नेलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं, मीठ-साखरेचं लिंबूपाणी पाजलं आणि पाठीला चिकटलेल्या बिबड्या एकेक करून सोलून काढल्या. "या वक्ताला गच्चीवर कुत्रा पन नाय चढत," खाला म्हणाली. तिच्या मुली हसत होत्या आणि माझी मुलगी त्यांना सगळं पुन्हा सांगत होती, मी कशी वाकले, कशी पडले. सगळं रत्नागिरीच्या बोलीत, हातवारे करून, न अडखळता.

नवरा ऑफिसातून धावत आला तो हे ऐकून दारातच थांबला.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"कदीपासून म्हंजे?" खाला म्हणाली. "आली तवापासनं बोलते. पोरगी थांबते कुठं!"

मी मुलीला जवळ घेतलं. इतके आठवडे मी सप्टेंबरच्या धास्तीने तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते, आणि मराठी वरच्या मजल्यावर रोज खिदळत होतं. मला हसूही येत होतं आणि भयंकर हेवाही वाटत होता. मी विचारलं, "मग माझ्याशी का नाही गं बोललीस?"

तिने एकदा खालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू चुका काढतंस," ती म्हणाली.

नवरा खो खो हसला आणि म्हणाला, तिकडची जागा सोडतो म्हणून उद्याच कळवतो. मुलगी मात्र हसत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, आता मी काय म्हणते याची वाट बघत. माझी जीभ एव्हाना ओली झाली होती. 'काढतेस' हा शब्द तिच्यावर तयार होता.

"बरं," मी म्हटलं. "अजून सांग."